कुंडीतला वाटाणा

दादासाहेब फाळके हे नाव उच्चारले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे 'राजा हरिश्चंद्र' उभा राहतो. ३ मे १९१३ हा दिवस, गिरगावातले कॉरोनेशन चित्रगृह, तारामतीच्या लुगड्यातले अण्णा साळुंके हा तपशील आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या २००९ च्या चित्रपटाने ती सारी कहाणी हसतखेळत घराघरांत पोचवली. मला मात्र या चित्रपटाच्या काही महिने आधी याच माणसाने केलेल्या एका मिनिटभराच्या चित्रपटाचे अधिक कुतूहल आहे. त्यात राजा नाही, राणी नाही, डोंबाचे घरही नाही. एक मातीची कुंडी आहे आणि तीत रुजत जाणारा वाटाणा आहे. 'अंकुराची वाढ' असे त्याचे नाव. आपल्या देशातल्या एवढ्या मोठ्या चित्रपटधंद्याचे पहिले भांडवल या वाटाण्याच्या वेलाने उभे केले, असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

या कुतूहलाचे मूळ माझ्या पोटापाण्याच्या व्यवसायात आहे. कादंबऱ्या मी रात्री लिहिल्या. दिवसा मात्र तीसेक वर्षे बँकेच्या खुर्चीत बसून लोकांचे कर्जाचे अर्ज वाचले. अर्जदार दोन तऱ्हेचे असतात. एक जाडजूड प्रोजेक्ट रिपोर्ट घेऊन येतो. त्यात पाच वर्षांचा नफा आण्यापैसांसह मांडलेला असतो. दुसरा पिशवीतून स्वतः केलेली वस्तू काढून टेबलावर ठेवतो. लोणच्याची बरणी असेल, लोखंडी बिजागरी असेल, शिवलेला सदरा असेल. कागदपत्रे दोघांनाही लागतातच. पण वस्तू समोर आली की बोलण्याला पाया मिळतो. झाकण उघडता येते, बिजागरी उघडमीट करून पाहता येते, शिवण ताणता येते.

आमच्या मानवतसारख्या गावात ही गोष्ट कुणाला शिकवावी लागत नाही. मोंढ्यात कापसाच्या गाड्या लागल्या की खरेदीदार ढिगात हात घालून चिमूटभर कापूस उपसतो, दोन्ही हातांच्या बोटांत धरून हळूहळू ओढतो आणि धाग्याची लांबी जोखतो. मृगाच्या आधी शेतकरी सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि काही दिवसांनी कोंब मोजतो. सत्तरच्या वर उगवले तर बियाणे पेरणीजोगे. त्याहून फार कमी भरले तर सगळे रान पणाला लावण्यात अर्थ नाही. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. आधी थोडे करून पाहायचे, ते डोळ्यांनी तपासायचे आणि मग मोठी उडी घ्यायची. आजकाल ॲनिमेशनच्या वर्गांत याला प्रोटोटाइप म्हणतात आणि तो कसा करावा याचे धडे देतात. १९१२ साली दादरला राहणाऱ्या फाळक्यांना हा शब्द ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण ती वाट त्यांच्या अंगवळणी पडलेली होती. कशी पडली, ते त्यांचे आयुष्य थोडे मागून पाहिले की कळते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. मुंबईच्या विल्सन कॉलेजात त्यांची नेमणूक झाली आणि कुटुंब मुंबईला आले. मुलाने शास्त्री व्हावे असे वातावरण घरात होते, पण त्याची बोटे चित्रे काढण्याकडे वळत होती. १८८५ साली तो जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. पुढे थोरले बंधू शिवरामपंत यांच्यामागे बडोद्याला जाऊन तिथल्या कलाभवनात त्याने तैलरंग, जलरंग, वास्तुरचना आणि मूर्तिकाम शिकून घेतले. छायाचित्रणाचा नाद लागला तोही याच काळात.

१८९२ साली अहमदाबादला औद्योगिक प्रदर्शन भरले होते. त्यात तरुण फाळक्यांनी आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती करून ठेवली आणि तिला सुवर्णपदक मिळाले. बावीस वर्षांच्या मुलाला नाट्यगृह कोण बांधू देणार? पण नाट्यगृह कसे असावे हे छोट्या आकारात करून दाखवायला कुणाची परवानगी लागत नाही.

त्यानंतर कलाभवनाचे प्राध्यापक गज्जर यांनी त्यांना रतलामला तीनरंगी ब्लॉक बनवण्याचे तंत्र शिकायला पाठवले. हे काम ज्यांनी छापखान्यात पाहिले आहे त्यांना त्यातली मेख ठाऊक असेल. एका चित्राचे तीन ब्लॉक करायचे, एकावर पिवळा, एकावर तांबडा, एकावर निळा. तिन्ही एकमेकांवर तंतोतंत बसले तर लक्ष्मीचा चेहरा उमटतो. एखादा केसभर सरकला की देवीला दोन नाके येतात! म्हणून हजारो प्रती काढण्याआधी कारागीर एक प्रूफ काढतो, भिंगाखाली धरतो, ब्लॉक सरकवतो, पुन्हा प्रूफ काढतो. मन समाधान पावेपर्यंत यंत्राला वेग द्यायचा नाही. छापखान्याची ही शिस्त फाळक्यांच्या हाडीमासी खिळली.

पण आयुष्य प्रूफ दाखवून येत नाही. गोध्रा येथे छायाचित्रकार म्हणून धंदा थाटला असताना प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल दोघेही गेले. ते बडोद्याला परतले, जादूचे खेळ शिकले आणि आपले आडनाव उलटे करून प्रोफेसर केल्फा या नावाने प्रयोग करू लागले. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. माहेरच्या गिरिजा करंदीकर सासरी सरस्वतीबाई झाल्या. या बाईंचे नाव पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे.

१९०३ साली फाळक्यांना पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व ड्राफ्ट्समनची नोकरी लागली. सरकारी, कायमची, महिन्याच्या महिन्याला पगार देणारी. तीन वर्षांत त्यांनी ती सोडली. वंगभंगानंतरचे स्वदेशीचे दिवस होते, आपल्या हातांनी देशी उद्योग उभारावा हे वारे तरुणांच्या कानांत शिरले होते. लोणावळ्याला छापखाना निघाला, राजा रविवर्मांच्या चित्रांचे काम मिळाले. पुढे छापखाना दादरला आला, भागीदार बदलले, त्याला 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' असे नाव पडले. १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रे आणायला फाळके जर्मनीला जाऊन आले. आणि धंदा भरात असतानाच भागीदारांशी बिनसले. १९११ साली ते रिकाम्या हातांनी बाहेर पडले. वय चाळिशीच्या पुढे, पदरी मुलेबाळे, दुसरा छापखाना काढणार नाही ही मनाशी बांधलेली गाठ. बँकेच्या भाषेत हा अर्जदार अत्यंत जोखमीचा.

याच सुमारास मुंबईत गिरगावच्या बाजूला त्यांनी थोरल्या मुलाला घेऊन एक चित्रपट पाहिला. पडद्यावर प्राणी हलत होते. घरी येऊन मुलाने आईला सांगितले तेव्हा तिचा विश्वास बसेना, म्हणून फाळके सगळ्यांना घेऊन पुन्हा गेले. या वेळी पडद्यावर येशू ख्रिस्ताचे चरित्र होते. येशूच्या जागी राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या दिसू लागली, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. बाकीचे प्रेक्षक घरी जाऊन झोपले. हा माणूस मात्र झोपेला मुकला. मिळतील ती पुस्तके, मासिके, यंत्रांच्या किमतींचे कॅटलॉग गोळा झाले. खेळण्यातला म्हणावा असा छोटा कॅमेरा आणि फिल्मची रिळे आली. मेणबत्तीच्या उजेडात भिंगातून भिंतीवर चित्रे पाडून पाहण्याचे प्रयोग रात्र रात्र चालले. सहा महिने जेमतेम तीन तासांच्या झोपेवर काढल्यावर डोळे सुजले, दिसेनासे झाले. डॉक्टरांच्या उपचाराने आणि चष्म्यांनी दृष्टी परत आली, हे आपले नशीब.

आता पैशाचा प्रश्न आला. फाळक्यांजवळ बारा हजार रुपयांच्या विम्याच्या पॉलिसी होत्या. त्या गहाण ठेवून त्यांनी दहा हजार रुपये उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनला प्रयाण केले. विम्याची पॉलिसी तारण घेताना आमच्यासारख्या अधिकाऱ्याला बरे वाटते, कारण हे तारण बुडत नाही. परंतु ठेवणाऱ्याच्या घरात त्याचा अर्थ निराळा असतो. आपण गेल्यावर बायकामुलांना जे मिळणार होते, तेच आज खर्चायला काढलेले असते. त्यामुळे फाळक्यांच्या धाडसाचे गोडवे गाताना मी दर वेळी सरस्वतीबाईंकडे पाहतो. हे धाडस त्यांच्याही नावावर होते.

लंडनमध्ये पिकॅडिलीच्या बाजूला फिरताना त्यांना 'बायोस्कोप' या साप्ताहिकाची पाटी दिसली. या साप्ताहिकाचे ते मुंबईहून वर्गणीदार होते. तेवढ्या ओळखीवर ते आत शिरले. संपादक केबॉर्न यांनी त्यांना आधी परावृत्त करून पाहिले. हिंदुस्थानच्या हवेत हा धंदा जमायचा नाही, असे त्यांचे मत होते. पाहुणा मागे हटत नाही हे दिसल्यावर मात्र त्यांनीच सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ हे इंग्लंडातले नामांकित निर्माते. या तंत्रावर त्यांनी १८९७ मध्येच पुस्तक लिहिले होते. वॉल्टन येथील त्यांच्या स्टुडिओत फाळक्यांना सगळे विभाग हिंडून पाहता आले. पन्नास पौंडांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, फिल्मला भोके पाडायचे यंत्र घेतले, कोडॅकच्या कच्च्या फिल्मची मागणी नोंदवली. दोन महिन्यांत काम उरकून १ एप्रिल १९१२ रोजी ते मुंबईत परत आले आणि त्याच दिवशी फाळके फिल्म्स कंपनीची स्थापना केली. यंत्रसामग्री बोटीने मे महिन्यात आली.

इथपर्यंत आणलेले दहा हजार संपत आलेले. चित्रपट काढायला आणखी भांडवल हवे. मुंबईत धनिकांना तोटा नव्हता, पण ज्यांनी हिंदी माणसाने केलेला असा चित्रपट कधी पाहिलाच नाही त्यांनी कशाच्या भरवशावर पैसे द्यायचे? यंत्र आले खरे, ते चालते का? भोके सारख्या अंतरावर पडतात का? ती वेडीवाकडी पडली तर पडद्यावरचे चित्र उड्या मारू लागते. आणि केबॉर्न यांनी बोलून दाखवलेली शंका? फिल्मवरचा थर जिलेटिनचा. पाणी गरम असले की तो मऊ पडतो, सुटतो. मुंबईच्या उन्हाळ्यात फिल्म धुऊन सुखरूप बाहेर काढता येईल का? यातल्या एकाही प्रश्नाला तोंडी उत्तर पुरे पडणार नव्हते.

फाळक्यांनी प्रथम आजूबाजूच्या मुलामुलींची चित्रे घेऊन पाहिली. ती चांगली आली. हात बसला, यंत्र चालते हे कळले. दुसरा कुणी याच चित्रांवर थांबला असता. पण पळणारी मुले पडद्यावर पाहून शेठजी काय म्हणणार? परदेशी चित्रपटांतही मुले पळतात, त्यात नवल कसले! या ठिकाणी फाळक्यांमधला जादूगार आणि छापखानेवाला एकत्र आले असावेत, असे मला वाटते. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, कॅमेरा तिच्यासमोर पक्का रोवला आणि महिनाभर, थोड्या थोड्या अंतराने, एकेक चित्र घेत राहिले.

याचा हिशेब मी एकदा कागदावर मांडून पाहिला. मूकपटाच्या काळी सेकंदाला साधारण सोळा चित्रे धावत. म्हणजे मिनिटभराच्या खेळाला साडेनऊशेच्या वर चित्रे हवीत. ती महिन्यावर वाटली तर दिवसाला तीस-बत्तीस भरतात. फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रे बसतात, म्हणजे मिनिटभराला फिल्म लागते साठेक फूट. पुढे 'राजा हरिश्चंद्र' झाला तो सुमारे ३,७०० फुटांचा. नमुन्याला लागलेली फिल्म मूळ मालाच्या साठाव्या हिश्शाएवढी! नमुना असावा तर असा. स्वस्त, छोटा, आणि तरी अख्ख्या धंद्याची कसोटी घेणारा.

कसोटीही सोपी निवडली नव्हती. मुलांची चित्रे दोन मिनिटांत उरकतात. वाटाण्याची महिनाभर चालतात. तेवढ्या काळात कॅमेरा बोटभर सरकला तर कुंडी पडद्यावर नाचू लागणार. उजेड बदलला तर चित्र लुकलुकणार. फिल्म कॅमेऱ्यात महिनाभर टिकली पाहिजे, मग अंधारात धुतली गेली पाहिजे. म्हणजे कॅमेरा, भोके, रसायने, हवामान आणि करणाऱ्याचा धीर, सगळ्यांची परीक्षा एका कुंडीत झाली. आणि निकाल असा की जो पाहील त्याला जागीच थबकावे लागेल. माती फुगते, तडकते, कोंब डोके वर काढतो, पाने उलगडतात, तणावा आधार शोधत हवेत फिरतो. वाटाणा वाढतो हे जगाला ठाऊक आहे, पण वाढताना त्याला कुणी पाहिले होते?

एक चित्र, मग थोडी वाट, मग दुसरे चित्र. ॲनिमेशन म्हणतात त्याचा गाभा हाच आहे. वेलाला निसर्ग हलवत होता. उद्या निर्जीव वस्तू माणसाने हाताने केसभर सरकवली आणि एकेक चित्र घेतले, तर तीही आपण होऊन चालू लागेल. हे पुढचे पाऊलही फाळक्यांनी टाकले, त्याकडे मी वळणारच आहे.

'अंकुराची वाढ' निवडक मंडळींना दाखवण्यात आला. त्यांतल्या यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे यांनी कर्ज देऊ केले. या दोन नावांबद्दल मला व्यवसायबंधूंसारखी आपुलकी वाटते. इतिहास कर्जदाराला लक्षात ठेवतो, कर्ज देणाऱ्याला विसरतो. त्यांना दिसले ते एवढेच की कुंडीत वेल वाढतो आहे. त्यावरून हरिश्चंद्राची अयोध्या ताडणे ही त्यांची नजर.

तरी रक्कम पुरली नाही. सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले. सोनेतारणाच्या काउंटरवर मी अनेक बायका पाहिल्या आहेत. बांगडी निघताना हात साबणाच्या पाण्यात बुडवावा लागतो, कारण लग्नात चढवलेली ती पुन्हा उतरवायची असे कुणी धरलेले नसते. सरस्वतीबाईंनी दिले ते नुसते सोने नव्हते. अंधाऱ्या खोलीत बसून कच्च्या फिल्मला भोके पाडण्याचे काम त्या शिकल्या, फिल्म धुण्याची रसायने मिसळायला शिकल्या. चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उजेड परतवत उभ्या राहिल्या आणि साठ-सत्तर माणसांच्या कंपनीला रांधून वाढले. म्हणजे नमुना पाहून पैसे देणारे दोघे आणि नमुना घडताना शेजारी उभी राहून सर्वस्व देणारी ही तिसरी. त्यांचे मन त्या वाटाण्याने वळवले की नवऱ्यावरच्या विश्वासाने, याचा निवाडा मी करू शकत नाही. बहुधा दोन्ही एकमेकांत मिसळले असावेत, वरणात तूप मिसळते तसे.

पुढची कथा सर्वांना माहीत आहे. दादरला स्टुडिओ झाला, बाहेरची दृश्ये वांगणीला घेतली. बायका मिळेनात म्हणून ग्रँट रोडच्या उपाहारगृहातल्या साळुंक्यांना तारामती केले. दत्तात्रेय दाबके हरिश्चंद्र झाले, स्वतःचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. सिनेमात काम करतो म्हटले तर लोक नावे ठेवत, म्हणून हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे असे सांगण्याची युक्ती निघाली. सहा महिने सत्तावीस दिवसांत चित्रपट पुरा झाला. २१ एप्रिल १९१३ ला ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांना दाखवला गेला आणि ३ मे ला सर्वांसाठी लागला. नंतर फाळक्यांनी बिऱ्हाड आणि स्टुडिओ नाशिकला हलवला. 'मोहिनी भस्मासुर', 'सत्यवान सावित्री' निघाले. १९१४ साली हे चित्रपट घेऊन ते पुन्हा लंडनला गेले, तिथे वाखाणणी झाली, आणि तेवढ्यात महायुद्ध पेटले.

परत आल्यावर दिवस फिरले. भांडवलदारांनी हात आखडता घेतला, कच्ची फिल्म दुर्मीळ झाली, कंपनीतल्या माणसांचे पगार द्यायचे होते. सरस्वतीबाईंचे दागिने पुन्हा एकदा गेले. अशा चणचणीच्या काळात, १९१५ च्या सुमारास, फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' हा छोटा चित्रपट केला. काडेपेटीतल्या काड्या पडद्यावर आपोआप हलतात, रांगा धरतात, आकार करतात. कुंडीतल्या वाटाण्याने शिकवलेली युक्ती आता पुरी झाली होती. काडी जराशी सरकवा, हात बाजूला घ्या, एक चित्र घ्या, पुन्हा सरकवा. फ्रान्समध्ये एमिल कोल याने १९०८ साली काड्यांना असेच नाचवले होते. आपल्याकडे हे करणारे पहिले फाळकेच. 'लक्ष्मीचा गालिचा' या चित्रपटात त्यांनी नाण्यांकडून हाच खेळ करवून घेतला. नट नकोत, पोशाख नकोत, वांगणीचा प्रवास नको. काड्यांची एक पेटी आणि अचाट चिकाटी पुरे! हात तंग झाल्यावर ज्याला काही सुचते त्यालाच मी खरा उद्योजक मानतो. १९१७ साली त्यांनी चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा छोटा चित्रपटही केला. आपला छापखाना आतून दाखवायला लाजेल कोण?

त्याच साली 'लंकादहन' आला आणि पैशाचा पूर वाहिला. एकाच साळुंक्यांनी राम आणि सीता दोघांचीही कामे केली, हे आज ऐकून हसू येते. या यशामुळे धनिक आपण होऊन दारी आले आणि १९१८ साली हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी स्थापन झाली. 'श्रीकृष्णजन्म' आणि 'कालियामर्दन' हे या काळातले. त्यांत बाळकृष्ण झाली ती फाळक्यांची चिमुकली मुलगी मंदाकिनी.

इथे मात्र एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. यंत्राची, फिल्मची, हवेची परीक्षा घेणाऱ्या या माणसाला भागीदारीची परीक्षा कधीच घेता आली नाही. लक्ष्मी छापखान्यात जे झाले तेच नव्या कंपनीत झाले. खर्चावरून, वेळेवरून, हुकमावरून खटके उडाले. भागीदारांचीही बाजू होती, हे मी खातेवह्या पाहिलेला माणूस म्हणून सांगतो. पैसा लावणाऱ्याला किती फुटांना किती रुपये हे विचारण्याचा हक्क असतो, आणि करणाऱ्याला दहा वेळा प्रूफ काढल्याशिवाय राहवत नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर, म्हणूनच तंटा मिटत नाही. फाळके संन्यास घेतल्यासारखे कुटुंबाला घेऊन काशीला निघून गेले आणि तिथे 'रंगभूमी' हे नाटक लिहीत बसले. कुंडीत वाटाणा पेरून महिन्यात कळते. माणसे एकत्र पेरली तर पीक कळायला वर्षे जातात आणि तोवर शेत गेलेले असते.

पुढे ते त्याच कंपनीत परतले, अनेक चित्रपट केले, पण घडी पहिल्यासारखी बसली नाही. १९३१ साली बोलपट आला. मूकपट म्हणून घेतलेल्या 'सेतुबंधन'ला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ साली कोल्हापूर सिनेटोनसाठी 'गंगावतरण' केला, तो त्यांचा एकमेव खरा बोलपट आणि अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. सरकारने त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला तो १९६९ साली, जन्मशताब्दी तोंडावर आल्यावर.

त्यांच्या वाटाण्याची वाट जगाने पुढे राजरस्ता केली. अमेरिकेत वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओत १९३० नंतरच्या दशकात अशी पद्धत पडली की पक्क्या शाईने आणि रंगाने काम करण्याआधी पेन्सिलीच्या कच्च्या चित्रांचीच फिल्म घेऊन पाहायची. हालचाल चुकली असेल तर इथेच कळते, आणि कागद फाडण्यावर भागते. अख्खी गोष्ट छोट्या चित्रांच्या रूपाने फळ्यावर टाचून पाहण्याची चालही तिथलीच. १९५६ साली याच स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या राम मोहन यांना आपण भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हणून ओळखतो. आजही या विद्येच्या वर्गात मुलांना पहिल्यांदा काय करायला सांगतात? एक चेंडू टप्पे घेत जाताना दाखवा. चेंडू जमला की मग हत्ती, मग राक्षस, मग रामायण.

आमच्या मानवतमध्येही आता या वाटेने जाऊ पाहणारी मुले आहेत. अशाच एका मुलाचे वडील मध्यंतरी माझ्याकडे आले. जिनिंगवर काम करणारे गृहस्थ, काका म्हणून मला मान देणारे. मुलाला कार्टून बनवायचे शिकायचे आहे, पुण्याची फी भारी आहे, महागडा कॉम्प्युटरही पाहिजे म्हणतो, कर्ज काढावे की त्याचे डोके ताळ्यावर आणावे असा त्यांचा सवाल होता. मी त्यांना दोन्ही करू नका म्हटले. मुलाकडून आधी एक मिनिट मागून घ्या. घरात जो मोबाइल आहे त्यावर, काड्यांचे, खडूचे, मातीच्या बैलाचे, कशाचेही एक मिनिट. ते करताना तो दहाव्या सेकंदाला कंटाळला, तर फी वाचली. रात्र जागून त्याने ते पुरे केले, आणि पुरे झाल्यावर स्वतःच त्यातल्या खोडी सांगू लागला, तर कर्जाचा विचार जरूर करा; मात्र घरातल्या बाईच्या बांगड्यांपर्यंत पाळी येऊ देऊ नका. पाटलीला हात लावण्याआधी नमुना पाहावा, हा माझ्या मते फाळक्यांच्या चरित्राचा घरगुती अर्थ.

वाचकहो, सुटीच्या दिवसांत मुलाबाळांबरोबर एक गंमत करून पाहायला हरकत नाही. एका वाटीत माती घेऊन मूग टोचा. समोर जुना मोबाइल एखाद्या डब्याला पक्का बांधा, तो हलणार नाही एवढे जपा. दिवसाउजेडी अर्ध्या-अर्ध्या तासाने एकेक चित्र घेत राहिलात तर दिवसाला वीसेक होतील. आठ दिवसांत दीडशेच्या वर. ती सेकंदाला सोळाच्या वेगाने पळवली की दहा सेकंदांचा खेळ तयार होतो. तिसऱ्या दिवशी कुणीतरी वाटी हलवील, पाचव्या दिवशी पाणी द्यायचे राहील, मुले भांडतील की आज कुणाची पाळी. पण आठव्या दिवशी सगळे घर एका पडद्याभोवती गोळा होईल आणि मातीला तडा जाऊन हिरवे टोक वर येताना पाहील. १९१२ साली दादरच्या त्या घरात नाडकर्णी आणि देवहारे यांना काय दिसले असेल, याची थोडी कल्पना त्या दहा सेकंदांत नक्की येईल. फक्त एवढे लक्षात असू द्या, त्यांच्यासमोर बसलेल्या माणसाचा विमा तेव्हा गहाण पडलेला होता.